अर्ध्या वाटेवरून परत गेलेला माणूस

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १३:१-१३ आणि १५:३६-४१, २ तीमथ्य ४:९-१३



पत्राच्या शेवटी नावं, निरोप आणि सलाम सुरू झाले की आपण वाचायचा वेग वाढवतो. बायबल अ‍ॅपवर तर अंगठा आपोआप खाली सरकतो. आज मुद्दाम तिथेच थांबूया.

पौल रोममध्ये कैदेत आहे. आपले दिवस भरत आले आहेत हे त्याला कळलंय. हिवाळा तोंडावर आहे. तो तीमथ्याला लिहितो की होईल तितक्या लवकर ये. देमास सोडून गेलाय, बाकीचे वेगवेगळ्या गावी आहेत, जवळ फक्त लूक आहे. त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा त्याला हवाय, पुस्तकं हवी आहेत, त्यातही चर्मपत्रं जास्त हवी आहेत. आणि या यादीत, झगा आणि पुस्तकांच्याही आधी, एका माणसाचं नाव येतं: मार्क. येताना त्यालाही आण, सेवेच्या कामात त्याचा मला उपयोग आहे, अशा अर्थाचं पौल लिहितो.

मागची गोष्ट माहीत नसेल तर यात विशेष काही वाटणार नाही. पण पंधराएक वर्षांपूर्वी याच पौलाने याच मार्काला सोबत घ्यायला साफ नकार दिला होता. तो नकार ते हे बोलावणं, या दोन टोकांमध्ये जे घडलं ते आज आपल्याला बघायचं आहे. कारण देव साध्या, कमकुवत माणसांना वापरतो हे वाक्य आपण रविवारी पुष्कळदा ऐकतो. तो ते नेमकं कसं करतो, हे फार कमी वेळा सविस्तर पाहतो.

पिर्गा इथे काय झालं

योहान मार्क हा यरुशलेमचा, चांगल्या घरातला मुलगा. त्याच्या आईच्या, म्हणजे मरीयेच्या, घरी मंडळी प्रार्थनेला जमायची. पेत्र तुरुंगातून सुटून ज्या दारावर आला आणि रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली, ते हेच घर (कृत्ये १२). शिवाय मार्क बर्णबाचा जवळचा नातलग. आपल्या भाषेत सांगायचं तर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबातला मुलगा. संडे स्कूल, युथ कॅम्प, नाताळची कॅरल्स, सगळं घरचंच.

साधारण इ.स. ४६-४७ च्या सुमारास अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि पौल यांना सुवार्तेसाठी पाठवलं, तेव्हा मार्क मदतनीस म्हणून बरोबर निघाला. कुप्र बेटावर सलमीनपासून पफेपर्यंत सगळं ठीक चाललं. कुप्र म्हणजे बर्णबाचं मूळ गाव, ओळखीचा मुलूख. मग ते जहाजाने पंफुल्यातल्या पिर्गा इथे उतरले. तिथून पुढची वाट तौरसाच्या डोंगररांगांतून वर चढत जाते. आणि इथेच लूक एका छोट्याशा वाक्यात नोंद करतो की योहान त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला.

का गेला? लूक कारण देत नाही. प्रवास झेपला नसेल, घरची आठवण आली असेल, किंवा आतापर्यंत बर्णबाचं नाव आधी यायचं ते आता पौलाचं आधी यायला लागलं हे खटकलं असेल. वचनात यातलं काहीच नाही. त्याच्या बाजूने सफाई नाही आणि त्याची निंदाही नाही. फक्त तो गेला एवढंच आहे.

पण तो गेल्यानंतर काय झालं ते मात्र लिहिलंय. लुस्त्र इथे लोकांनी पौलाला दगडमार केला आणि मेला असं समजून शहराबाहेर ओढून टाकलं. ज्या वेळी सोबतीला माणूस हवा होता, त्या वेळी मार्क आपल्या आईच्या घरी होता. हे लक्षात ठेवलं तर पौलाचा पुढचा राग समजतो.

दोन चांगली माणसं भांडतात

काही काळाने पौल म्हणतो, ज्या ज्या गावी आपण वचन सांगितलं तिथे परत जाऊन बंधूंची विचारपूस करूया. बर्णबा म्हणतो, मार्काला घेऊया. पौल म्हणतो, नाही. जो कामावरून निघून गेला त्याला परत न्यायचं नाही.

लूकने या वादासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो आहे 'पारोक्सिस्मोस'. भडका उडावा तसं तीव्र भांडण. ज्या दोघांना पवित्र आत्म्याने एकत्र नेमलं होतं, ते दोघं यावर वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाकडे गेला.

कोण बरोबर होतं? आपल्याला लगेच बाजू घ्यायची सवय आहे. पण लूक निकाल देत नाही. पौलाचं म्हणणं चूक नव्हतं. जिथे दगड पडतात तिथे भरवशाचा माणूस लागतो, आणि भरवसा नुसता मागून मिळत नाही. बर्णबाचंही चूक नव्हतं. एकदा परत गेलेल्या मुलाला दुसऱ्यांदा कोणी नेलंच नाही, तर तो भरवसा कमावणार कुठे? पौल कामाकडे बघत होता, बर्णबा माणसाकडे. मंडळीला दोघांचीही गरज असते, आणि दोघं एका खोलीत आले की कधीकधी आवाज चढतात.

गंमत म्हणजे 'पारोक्सिस्मोस' हाच शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, इब्री १०:२४ मध्ये. तिथे तो प्रीतीसाठी आणि चांगल्या कामांसाठी एकमेकांना चेतवण्याबद्दल वापरलाय. शब्द तोच, पण एका ठिकाणी त्याने सोबत तुटते आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस उभा राहतो. अंत्युखियाचं ते भांडण चांगलं होतं असं कोणी म्हणणार नाही. तरी त्यातून एका तुकडीच्या दोन तुकड्या झाल्या, आणि मार्क बर्णबाच्या तुकडीत आला.

जे पानावर नाही ते

यानंतर 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक पौलाच्या मागे जातं. बर्णबा आणि मार्क जहाजात बसतात आणि पुस्तकातून नाहीसे होतात. कुप्रावर पुढे काय झालं, बर्णबा मार्काला काय बोलला, मार्क पहिले कित्येक महिने गप्प होता का, परत कधी डगमगला का, एक ओळसुद्धा नाही.

मला वाटतं आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्याला साक्ष आवडते ती तीन मिनिटांची: मी असा होतो, प्रभू भेटला, आता मी असा आहे. रीलमध्ये बसेल अशी. मार्काची साक्ष पंधराएक वर्षांची आहे, आणि तिचा मधला भाग कोणी लिहूनच ठेवला नाही. देवाने त्याला घडवलं ते अशा दिवसांत, ज्यांची बातमी होत नाही. कोणाबरोबर तरी रोज राहून, छोटी कामं पुरी करून, उद्या परत यायचं एवढंच ठरवून.

आणि हे करायला देवाने कोणाला वापरलं? बर्णबाला. त्याचं खरं नाव योसेफ, तो लेवी. बर्णबा हे नाव प्रेषितांनी त्याला दिलं ते धीर देणारा, उभारी देणारा या अर्थाने. शौलाचा पौल झाला तेव्हा यरुशलेममधले सगळे शिष्य त्याला घाबरत होते, कारण काल-परवापर्यंत हा माणूस त्यांना तुरुंगात टाकत होता. तेव्हा बर्णबानेच त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेलं (कृत्ये ९:२७). पुढे तार्सात जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणणाराही बर्णबाच. म्हणजे मार्काला नको म्हणणारा पौल स्वतः एके काळी बर्णबाच्याच शब्दावर आत आला होता.

बर्णबाही काही निर्दोष नव्हता. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला तेव्हा बर्णबाही त्या ढोंगात वाहवत गेला, असं पौल गलतीकरांना स्पष्ट लिहितो (गलती २:१३). म्हणजे या गोष्टीत चौघेही आले: छळ करणारा पौल, नाकारणारा पेत्र, वाहवत जाणारा बर्णबा, सोडून जाणारा मार्क. पहिल्या शतकातल्या मंडळीची ही कोअर टीम. देवाने यांना दुरुस्त करून मग कामाला लावलं असं दिसत नाही. काम चालू असतानाच, एकमेकांच्या हातून, तो यांना दुरुस्त करत राहिला.

'उपयोगी' हा शब्द

मग एके दिवशी मार्काचं नाव परत दिसायला लागतं, आणि तेही पौलाच्याच पत्रांत. कलस्सै ४:१० मध्ये पौल मंडळीला सांगतो की मार्क आला तर त्याचा स्वीकार करा. फिलेमोनाच्या पत्रात तो त्याला आपल्या सहकाऱ्यांमध्ये मोजतो. आणि शेवटी २ तीमथ्यात तो त्याला मागून घेतो.

इथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, तो 'उपयोगी' हा शब्द. मालकाकडून पळालेला दास अनेसिम परत येतो तेव्हा पौल फिलेमोनाला त्याच्याबद्दल हाच ग्रीक शब्द लिहितो: पूर्वी निरुपयोगी, आता उपयोगी. दोघंही निघून गेलेले, दोघंही परत आलेले, आणि दोघांसाठी शब्द एकच.

दुसरी, हे पत्र कोणाला आहे? तीमथ्याला. बर्णबाशी फाटल्यानंतर पौल लुस्त्रला गेला आणि तिथे त्याला तीमथ्य मिळाला. एका अर्थी मार्क गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी आलेला मुलगा. आता त्याच मुलाला पौल सांगतोय की येताना मार्कालाही घेऊन ये. पौल 'माझं तेव्हा चुकलं' असं लिहीत नाही. 'मार्काचं तेव्हा बरोबर होतं' असंही लिहीत नाही. तो फक्त त्याच्यासाठी जागा करतो. कधीकधी क्षमा अशीच येते, भाषण न करता, यादीत नाव लिहून.

आणि देमासाचं काय? फिलेमोनाच्या पत्रात मार्क आणि देमास एकाच यादीत आहेत, दोघंही सहकारी. काही काळाने एक सोडून जातो आणि दुसऱ्याला बोलावणं येतं. म्हणजे भूतकाळ चांगला असला म्हणून उद्याची खात्री नाही, आणि वाईट असला म्हणून उद्याचं दार बंद नाही.

पळालेल्याने पळालेल्याची गोष्ट लिहिली

फार जुन्या परंपरेनुसार, दुसऱ्या शतकातल्या पापियासपासून चालत आलेल्या, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्र जे सांगायचा ते त्याने लिहून ठेवलं. १ पेत्र ५:१३ मध्ये पेत्र त्याला माझा मुलगा म्हणतो. हे लक्षात ठेवून मार्काचं शुभवर्तमान उघडा.

त्यात शिष्य फारसे चांगले दिसत नाहीत. त्यांना कळत नाही, ते घाबरतात, मोठा कोण यावर वाद घालतात, गेथशेमानेत झोपतात, आणि १४:५० मध्ये सगळे त्याला सोडून पळतात. पेत्राचा नकार तर कोंबड्याच्या आरवण्यासकट दिलाय. हे सांगणारा पेत्र आणि लिहिणारा मार्क. दोघांनीही ते झाकलं नाही. आपल्यातले जे कोड लिहितात त्यांना माहीत आहे, मर्ज करण्याआधी हिस्टरी नीटनेटकी करून घ्यायचा मोह किती असतो. चुकीचे कमिट दाबून टाकायचे, शेवटी एक स्वच्छ कमिट दाखवायचा. या दोघांनी तसं केलं नाही. पडल्याची नोंद तशीच ठेवली, कारण ती नोंद पुसली तर कृपाही दिसेनाशी होते.

मग १६ वा अध्याय येतो. रिकाम्या कबरेपाशी तो तरुण स्त्रियांना सांगतो की जाऊन शिष्यांना कळवा, आणि पेत्राला. 'आणि पेत्राला' हे शब्द चारही शुभवर्तमानांत फक्त मार्कात आहेत. शिष्य म्हटल्यावर पेत्र त्यात आलाच होता. वेगळं नाव घ्यायची गरज कोणाला असते? ज्याला वाटत असतं की त्या शब्दात आपण आता धरले जात नाही, त्याला. पेत्राने हे दोन शब्द आयुष्यभर जपले असतील, आणि पिर्गाहून परत गेलेल्या मार्काने ते लिहिताना त्याचा हात थोडा थांबला असेल, असं मला नेहमी वाटतं.

आपल्या मराठी मंडळीतही याचं एक रूप आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आपण आजही उपासनेत गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, आणि त्यात आपल्या कवी-नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही. टिळकांचा संताप, हातात पैसा न टिकणं, १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर घराची झालेली ताटातूट, सगळं हसत, रडत, पण खरं सांगितलं. त्या स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या. आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं ते याच बाईंनी. ती गीतं आणि तो संताप एकाच माणसाचे होते. त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं, असं नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी

'देव दोषी माणसांना वापरतो' हे वाक्य चुकीच्या हातात गेलं की ढाल बनतं. कोणी पुढारी पैशाचा गैरव्यवहार करतो, कोणी अधिकाराच्या जोरावर एखाद्या मुलीला किंवा मुलाला दुखावतो, आणि मग म्हणतात, दावीदही पडला होता ना, तुम्ही न्याय करू नका. मार्काची गोष्ट यासाठी वापरता येत नाही. मार्क दुबळा पडला, त्याने कोणाला लुटलं नाही. आणि तरीही पौलाने त्याला लगेच जुन्या जागी घेतलं नाही. तो आधी बर्णबाच्या नजरेखाली राहिला, वर्षं गेली, आणि मग इतरांनी सांगितलं की हा उपयोगी आहे. त्याने स्वतः सांगितलं नाही. दावीदालाही नाथानाने तोंडावर सांगितलं होतं. कृपा म्हणजे चौकशी बंद करणं नव्हे. ज्याला इजा झाली त्याचं ऐकणं हेसुद्धा कृपेचंच काम आहे.

आजसाठी

तुमच्यातले काही जण आज पिर्गा आणि यरुशलेमच्या मध्ये कुठेतरी आहेत. पुणे, मुंबई, बंगळूरु, नोकरी लागली, शहर बदललं, आणि क्वायर सुटलं, बायबल स्टडी सुटली. कोणाशी भांडण झालं नाही, फक्त जाणं बंद झालं. आणि आता परत जायचं म्हटलं की एकच प्रश्न: इतके दिवस कुठे होतास, असं कोणी विचारलं तर? मार्काकडे बघा. त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण आहे असं कुठेच दिसत नाही. तरी तो परत निघाला, कारण एक माणूस त्याला न्यायला तयार होता. परत येण्यासाठी आधी चांगलं उत्तर तयार करायची गरज नाही.

आणि काही जण आज बर्णबाच्या जागी आहेत. तुमच्या ग्रुपमध्ये एक नाव असं असेल जे सगळ्यांनी मनातून काढून टाकलंय. जबाबदारी दिली आणि ऐन वेळी आला नाही, म्हणून. त्याला आज लगेच मोठं काम देऊ नका. एक फोन करा. या रविवारी मी जातोय, येतोस का, एवढंच विचारा. येशूने आपल्याबद्दल सांगितलं ते मार्क १०:४५ मध्ये आहे: तो सेवा करून घ्यायला आला नव्हता, सेवा करायला आला होता, आणि पुष्कळांसाठी आपला प्राण द्यायला. ते वाक्य ज्याच्या हातून आपल्यापर्यंत आलं तो एक मदतनीस होता, एकदा सेवा अर्धवट टाकून गेलेला.

प्रार्थना करूया.

प्रभू येशू, तुला सोडून सगळे पळाले तेव्हाही तू कोणाचं नाव यादीतून काढलं नाहीस. आमच्यातला जो आज लाजून दूर राहिलाय, त्याला परतीची वाट दाखव. ज्याच्या मनात जुना राग आहे, त्याला पौलासारखं एक नाव परत लिहायची ताकद दे. आणि आमच्यातल्या प्रत्येकाला कोणाचा तरी बर्णबा कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

आज एक नाव मनात आलं असेल तर ते विसरायच्या आत फोन लावा. उद्या भेटूया, मार्क अध्याय १ घेऊन.